बाळबोध आणि गुरुमुखी



या व्यासपीठावर बहुधा प्राध्यापक आणि साहित्यिक बोलतात. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहास हा माझा व्यवसाय नाही, वाचनाची आवड एवढेच माझे भांडवल. पण आजचा विषय मी शोधला नाही, तो माझ्या दवाखान्यात चालत आला.

हैदराबादेत अत्तापूरकडच्या शीख छावणीतले एक वृद्ध सरदारजी गेली अनेक वर्षे माझे पेशंट आहेत. त्यांचे पूर्वज १८३२ च्या सुमारास पंजाबातून निजामाच्या मुलखात आलेल्या शीख फौजेतले. तेव्हापासून हे लोक इथलेच झाले. त्यांना दख्खनी शीख म्हणतात. घरात दख्खनी बोलतात, बाजारात तेलुगू. एका संध्याकाळी ते नातवाला घेऊन आले. मुलाच्या टॉन्सिलची तक्रार होती. तपासणीआधी मी सहज विचारले, "काय पाठ येतं?" मुलाने डोळे मिटून जपुजीच्या पहिल्या काही पौड्या घडाघडा म्हणून दाखवल्या. मी कौतुक केले. आजोबा मात्र खूश दिसले नाहीत. म्हणाले, "डॉक्टरसाब, फोन में अंग्रेजी हरफाँ देख के याद करा. गुरू सामने बैठे हैं, इसकू पढना नई आता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. कारण त्याच आठवड्यात माझ्या नातीने णमोकार मंत्र रोमन अक्षरांत लिहून भिंतीला लावला होता, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सरदारजी म्हणतात ते 'गुरू सामने बैठे हैं' म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. गोदाकाठी नांदेडला जावे लागते. १७०८ साली दहावे गुरू गोविंदसिंग यांनी तिथे देह ठेवला. त्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवली आणि यापुढे ग्रंथ हाच गुरू, असे सांगितले, ही शीख पंथाची श्रद्धा आहे. नांदेडचे सचखंड हुजूरसाहिब हे त्यामुळेच पाच तख्तांपैकी एक. जुन्या हैदराबाद संस्थानात आपण मराठी माणसे आणि हे शीख एकाच छत्राखाली नांदलो. तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या कारभाराचा १९५६ चा कायदासुद्धा हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाने केला.

आता या श्रद्धेचा एक साधा, व्यावहारिक परिणाम पाहा. गुरू माणूस असेल तर निरक्षर शिष्यही त्याच्या पायाशी बसून ऐकू शकतो. गुरू ग्रंथ झाला, की वाचता न येणारे मूल गुरूसमोर मुके होते. ते मत्था टेकेल, कडाहप्रसाद घेईल, पण गुरूशी त्याचे स्वतःचे बोलणे होणार नाही. तिथे वाचणारा ग्रंथी हा काही जन्माने ठरलेला पुरोहित नव्हे. कोणीही शीख, स्त्री असो वा पुरुष, ग्रंथ वाचू शकतो. म्हणून शीख मुलाच्या धर्मशिक्षणाचा इतिहास पाहायचा तर तो मुख्यतः अक्षरओळखीचा इतिहास आहे, असे मला वाटते. 'शीख' या शब्दाचा अर्थच मुळी शिष्य.

याची सुरुवात पहिल्या गुरूपासून दिसते. गुरू नानकांची (१४६९–१५३९) 'पट्टी' नावाची एक रचना ग्रंथात आहे. पट्टी म्हणजे मुलाची लिहायची पाटी. वर्णमालेतले एकेक अक्षर घ्यायचे आणि त्याच्या आधाराने एकेक विचार सांगायचा, अशी तिची बांधणी. तिसरे गुरू अमरदास यांचीही तशीच एक पट्टी आहे. पाटीवर अक्षर गिरवणारे मूल डोळ्यांसमोर असल्याशिवाय असे काव्य कोणी रचत नाही.

दुसरे गुरू अंगददेव (१५०४–१५५२) यांनी व्यासनदीकाठच्या खडूर गावी या कामाला लिपीचे रूप दिले. त्या काळी पंजाबात व्यापाऱ्यांची लंडे लिपी चाले. ती हिशेबाला ठीक, पण तीत स्वरांच्या खुणा नीट नसल्याने एकच शब्द दोन-तीन प्रकारे वाचला जाई. गुरूंची वाणी अशा लिपीत सुरक्षित राहणार नव्हती. अंगददेवांनी पस्तीस अक्षरांची लिपी नीट बसवली. गुरूच्या मुखातून आलेली, म्हणून तिचे नाव गुरुमुखी. तिच्या वर्णमालेला अजूनही 'पैंती' म्हणजे पस्तिशी म्हणतात. परंपरा असे सांगते, की गुरूंनी मुलांसाठी अक्षरांची पुस्तके स्वतः तयार करवली, त्यांना 'बालबोध' म्हणत, आणि मुलांना ते स्वतः शिकवत. त्याच गावात मल्लांचा आखाडा होता आणि गुरुपत्नी माता खीवी यांचे लंगर होते. पाटी, आखाडा आणि पंगत या तीन गोष्टी खडूरच्या मुलाला एकाच अंगणात मिळत.

'बालबोध' हा शब्द ऐकून आपण मराठी माणसांनी थबकायला हवे. देवनागरीला आपले आजोबा-पणजोबा 'बाळबोध' म्हणत. सरकारदरबारी आणि पत्रव्यवहारात मोडी, आणि पोथीसाठी, मुलांसाठी बाळबोध. लंडे आणि गुरुमुखी, मोडी आणि बाळबोध : जलद लिहायची एक लिपी आणि नीट वाचायची दुसरी. दोन्हीकडे समाजाने आपले जपून ठेवायचे धन मुलाच्या लिपीत ठेवले, ही योगायोगाची गोष्ट असली तरी विचार करायला लावणारी आहे.

१६०४ साली पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी ग्रंथ सिद्ध करून अमृतसरच्या हरिमंदिरात त्याची स्थापना केली. लेखनिक होते भाई गुरुदास. आज त्याची छापील पाने १४३० असतात. त्यात शेख फरीद आहेत, कबीर आहेत, रविदास आहेत, आणि आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. म्हणजे पंजाबातले मूल गुरुमुखी शिकले, की ज्या वाणीपुढे ते नतमस्तक होते तिच्यात पंढरीचा एक शिंपीही असतो. ते त्यांना 'भगत नामदेव' म्हणते.

हे शिकवणे चाले कसे? मूल गावच्या धर्मशाळेत जाई. आपण धर्मशाळा म्हटले की वाटसरूंची जागा समजतो. तिकडे गुरुद्वाऱ्याचे ते जुने नाव आहे. तिथला भाई मुलांना आधी पैंती शिकवी : ऊडा, ऐडा, ईडी, सस्सा, हाहा. मग 'मुहारनी', म्हणजे आपली बाराखडी, तालावर म्हणायची. त्यानंतर बालउपदेश, पुढे पंजग्रंथी आणि मग मोठा ग्रंथ. यातला शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. जुन्या हस्तलिखितांत शब्द सुटे नसत. सगळी ओळ एका माळेसारखी सलग लिहिलेली, तिला 'लडीवार' म्हणतात. शब्द कुठे तोडायचा हे चुकले तर अर्थ बदलतो. म्हणून जाणत्या माणसासमोर बसून, एकेक ओळ त्याच्याकडून ऐकून, ती त्याला म्हणून दाखवून शिकावे लागे. या पद्धतीला 'संथिया' असे नाव आहे. आपल्याकडे वेदपाठशाळेत 'संथा' घेतात, तोच शब्द. संथियात पाठांतर आहेच, पण ते अक्षरावर बोट ठेवून केलेले पाठांतर आहे. माझ्या पेशंटच्या नातवाच्या पाठांतरात नेमके ते बोट नव्हते.

लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य डॉ. लाइटनर यांनी १८८२ मध्ये पंजाबच्या देशी शिक्षणाची पाहणी करून एक मोठा ग्रंथ लिहिला. इंग्रजी अंमल येण्यापूर्वी प्रांतातल्या सर्व धर्मांच्या देशी शाळांत मिळून किमान ३,३०,००० मुले शिकत होती आणि आता जेमतेम १,९०,००० उरली आहेत, असा त्यांचा अंदाज होता. शीख घरांतून बायकांनाही ग्रंथ वाचण्यापुरती अक्षरे येत, हेही त्यांनी आवर्जून नोंदवले. स्वतः इंग्रजी सरकारच्या नोकरीत असलेल्या माणसाने हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे.

ही घसरण का झाली? १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांनी खालसा केला. १८५४ च्या सुमारास कचेऱ्यांची आणि सरकारी शाळांची भाषा उर्दू झाली. गुरुमुखी शिकून नोकरी मिळेना. बापाने मुलाला धर्मशाळेतून काढून जिथे पोटाची सोय होईल तिथे घातले. त्याला दोष कसा द्यावा? आपणही आपल्या मुलांना त्याच हिशेबाने शाळेत घातले.

या काळात एका शीख मुलाच्या शिक्षणाची कहाणी साऱ्या पंजाबने पाहिली. महाराजा रणजितसिंगांचा धाकटा मुलगा दुलीपसिंग १८३८ चा. पाचव्या वर्षी गादीवर बसला, अकराव्या वर्षी गादी गेली. त्याआधीच आई राणी जिंदकौर हिच्यापासून त्याला तोडण्यात आले होते. त्याला पालक नेमले ते लॉगिन नावाचे एक डॉक्टर. मी स्वतः डॉक्टर असल्याने या माणसाबद्दल वाचताना थोडा अस्वस्थ होतो. ते प्रेमळ होते असेच सगळे सांगतात. मुलाला फतेहगढला ठेवले, चांगले शिक्षक दिले, सोबतीला इंग्रज मुले दिली. १८५३ मध्ये मुलगा ख्रिस्ती झाला आणि पुढच्या वर्षी विलायतेला गेला. आईची भेट थेट १८६१ मध्ये कलकत्त्यात झाली. १८८६ मध्ये हिंदुस्थानात परत येऊ पाहणाऱ्या या माणसाला एडनला अडवण्यात आले, तेव्हा तिथेच त्याने पुन्हा शीख धर्म स्वीकारला. तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीस होते. मुलावर कोणी जबरदस्ती केली नाही, असे म्हणता येईल. पण ज्या वयात मूल आजूबाजूचे सगळे शोषून घेते, त्या वयात त्याच्याभोवती त्याचे स्वतःचे काहीच उरू दिले नव्हते.

१८७३ मध्ये अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होण्याचा मनोदय जाहीर केला. मुलांना समजावून परत वळवले गेले, पण समाज हादरला. त्याच वर्षी अमृतसरला सिंग सभा स्थापन झाली. तिच्या प्रमुखांत ठाकूरसिंग संधानवालिया होते, म्हणजे दुलीपसिंगांचेच आप्त. १८७९ मध्ये लाहोरला दुसरी सभा निघाली. तिचे चालक प्राध्यापक गुरमुखसिंग आणि ज्ञानी दित्तसिंग. दित्तसिंग हे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरातले, आणि तेच पुढे पंजाबीचे प्राध्यापक झाले.

सिंग सभेने मिशन शाळांविरुद्ध नुसता आरडाओरडा केला असता तर ती आज कोणाला आठवली नसती. तिने शाळा काढल्या. १८९२ मध्ये अमृतसरला खालसा कॉलेजची पायाभरणी झाली. त्याच साली फिरोजपूरला भाई तख्तसिंग यांनी पत्नी हरनामकौर यांच्या साथीने मुलींची शाळा सुरू केली. पुढे तिथे मुलींचे वसतिगृह झाले. घरच्यांनी मुलीला परगावी ठेवणे ही त्या काळी अघटित गोष्ट. निधीसाठी तख्तसिंग मलाया-सिंगापूरपर्यंत फिरले. आपल्याकडे महर्षी कर्वे पुण्यात याच दशकात, १८९६ मध्ये, विधवांसाठी आश्रम काढत होते, हे लक्षात घेतले म्हणजे काळाची नाडी कळते.

भाई वीरसिंग (१८७२–१९५७) यांची हकीकत मला फार बोलकी वाटते. आधुनिक पंजाबी साहित्याचे हे जनक अमृतसरच्या मिशन हायस्कुलातच शिकले आणि १८९१ मध्ये मॅट्रिकला जिल्ह्यात पहिले आले. मिशन शाळेत त्यांनी एक गोष्ट नीट पाहिली : स्वस्त, सुबक, लहान पुस्तिका काय करू शकते. मग त्यांनी खालसा ट्रॅक्ट सोसायटी उभी केली, १८९९ मध्ये 'खालसा समाचार' काढला आणि त्याआधी वर्षभर 'सुंदरी' ही कादंबरी लिहिली, जी पंजाबी घरांतून पिढ्यान्पिढ्या वाचली गेली. मुलाला अक्षर दिले तर वाचायला काहीतरी गोडही द्यावे लागते, हे त्यांना कळले होते.

१९०२ मध्ये चीफ खालसा दिवाण स्थापन झाला. १९०४ मध्ये अमृतसरला सेंट्रल खालसा यतीमखाना, म्हणजे अनाथालय, निघाले. तिथे अंध मुलांना कीर्तन शिकवले जाई. त्याच यतीमखान्यात १९०७ मध्ये आईवडील गमावलेले दोन भाऊ आले, त्यांतला धाकटा पुढे हुतात्मा उधमसिंग म्हणून सर्वांना माहीत झाला. १९०८ मध्ये गुजरांवाला येथे पहिली शीख शिक्षण परिषद भरली. पुढे ती वेगवेगळ्या गावी भरत राहिली, आणि ठिकठिकाणी खालसा शाळा उभ्या राहण्यात तिचा मोठा वाटा आहे.

हे सारे एका व्यापक लाटेचा भाग होते. अलीगढचे मुस्लिम कॉलेज १८७५ चे, लाहोरची डी.ए.व्ही. शाळा १८८६ ची. दक्षिणेत १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली आणि तिने वसतिगृहे काढली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. हे मी अभिमानाने सांगतो, पण त्यात माझ्या प्रश्नाचा एक धागाही आहे.

कारण या लाटेची दुसरी बाजूही आहे. आपल्या मुलांना 'आपण कोण' हे सांगता सांगता 'आपण कोण नाही' हे सांगणे सोपे वाटू लागते. भाई काहनसिंग नाभा यांनी १८९८ मध्ये 'हम हिंदू नहीं' हे पुस्तक लिहिले. त्याला उत्तरे आली, प्रत्युत्तरे झाली. ज्या उदासी आणि निर्मला साधूंनी कित्येक पिढ्या गुरुमुखी शिकवली होती, ते नव्या व्यवस्थेत परके ठरले. एका लहान समाजाला आपली सीमा आखावी का लागते, हे मी समजू शकतो. जैन म्हणून आम्हीही ती आखली आहे. पण ज्या ग्रंथासाठी हे शिक्षण, त्यात फरीद आणि नामदेव शेजारी बसलेले आहेत. स्वतः वाचणाऱ्या मुलाला ते पानोपानी भेटतात. केवळ ऐकणाऱ्या मुलाला सांगणारा जेवढे सांगेल तेवढेच भेटतात. अक्षराचा हा आणखी एक उपयोग.

१९४७ मध्ये सगळे पुन्हा विस्कटले. ज्या गुजरांवाल्यात पहिली शिक्षण परिषद भरली ते पाकिस्तानात गेले. लाखो शीख निर्वासित दिल्ली, इंदूर, मुंबई, हैदराबाद अशा गावी पांगले. जिथे गेले तिथे त्यांनी गुरुद्वारा बांधला आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या एका खोलीत पैंतीचा वर्ग सुरू केला. परदेशात गेलेल्यांनी तेच केले. इंग्लंडमध्ये पगडी घालतो म्हणून एका शीख मुलाला शाळेने प्रवेश नाकारला, ते प्रकरण १९८३ मध्ये सर्वोच्च पातळीवर गेले आणि वंशभेदविरोधी कायद्याचे संरक्षण शिखांना आहे, असा निकाल लागला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका विद्यार्थ्याला योग्य ती काळजी घेऊन शाळेत कृपाण बाळगण्याची मुभा दिली.

ही मुले कायद्याने जिंकली. पण पगडीचा हक्क न्यायालय देऊ शकते, पैंती न्यायालय देऊ शकत नाही. ती कोणीतरी रविवारी सकाळी बसून शिकवावी लागते. पंजाबात हल्ली 'ऊडा आणि जूडा' असे म्हणतात : जूडा म्हणजे डोक्यावरचा केसांचा बुचडा, ऊडा म्हणजे गुरुमुखीचे पहिले अक्षर. दोन्ही सांभाळा, असा त्याचा अर्थ. खुद्द पंजाबातही इंग्रजी शाळांपुढे ऊडा मागे पडत होता, म्हणून २००८ मध्ये दहावीपर्यंत पंजाबी सक्तीची करणारा कायदा करावा लागला. घरच्या अंगणात ही गत, तर छावणीतल्या आजोबांची तक्रार किती खरी!

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्यापैकी किती घरांत ट्रंकेत मोडीचे कागद आहेत? वाचणारे कोणी नाही. मोडी गेली तेव्हा आपण म्हटले, बाळबोध आहे ना. आता नातवंडांची बाळबोधही जाऊ लागली आहे. ती मराठी बोलतात, आरत्या पाठ म्हणतात, गणपतीत झांजा वाजवतात. पण आजीचे पत्र हातात दिले तर ते परत आपल्याकडेच वाचायला येते. आम्ही जैन दरवर्षी श्रुतपंचमीला शास्त्रांची पूजा करतो, नवे वेष्टन घालतो. त्यातली किती शास्त्रे त्या दिवशी उघडली जातात, हे मी माझ्या घरापुरते सांगू शकतो, आणि ते सांगायला मला संकोच वाटतो.

२०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरले. नामदेव महाराज अखेरच्या काळात जिथे राहिले ते हे गाव. आपण तिथे गेलो ते सातशे वर्षांच्या नात्यासाठी. हे नाते तिकडे टिकले, कारण तिथल्या मुलांना दर पिढीत कोणीतरी अक्षर शिकवत राहिले.

माझ्या पॅथीत औषधाची मात्रा लहान असते, पण ती वेळेवर आणि नेमाने घ्यावी लागते. सुट्टीतल्या दहा दिवसांच्या शिबिराने मूल उत्साहित होते, वाचायला लागत नाही. रोज पंधरा मिनिटे, एक ओळ, अक्षरावर बोट ठेवून : खडूरच्या गुरूंपासून फिरोजपूरच्या शाळेपर्यंत, कामी आली ती एवढीच मात्रा.

छावणीतले सरदारजी गेल्या महिन्यात पुन्हा आले होते. नातवाचा घसा बरा आहे. त्यांनी त्याला गुरुमुखीचा कायदा आणून दिला आहे आणि रात्री जेवणानंतर स्वतः शिकवायला बसतात. मी विचारले, "कुठपर्यंत आला?" म्हणाले, "मुहारनी तक." मीही त्याच दिवशी घरी जाऊन भिंतीवरचा रोमन कागद काढला. नातीने विचारले, "आजोबा, का काढला?" म्हटले, "आपण दोघे मिळून तो बाळबोधीत लिहू." तिला पहिला 'ण' काढायला चार दिवस लागले. कागद आता पुन्हा भिंतीवर आहे.